पान ऊन कसं सोसतं

भाचीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं आणि तिनं पुस्तकातला तो सगळ्यांच्या ओळखीचा प्रयोग घेतला होता. कुंडीतली जास्वंद आधी अंधारात ठेवायची, मग एका पानाच्या मधोमध काळ्या कागदाची पट्टी लावून तिला उन्हात आणायची, आणि शेवटी ते पान गरम स्पिरिटमध्ये बुडवून त्याचा रंग काढून घ्यायचा. वहिनीनं गॅस बंद केला, उकळतं पाणी असलेल्या पातेल्यात स्पिरिटची काचेची वाटी ठेवली आणि आम्ही तिघी ओट्याभोवती उभ्या राहिलो. नाकात जाणारा स्पिरिटचा वास, खिडकीच्या काचेवर जमलेली वाफ. पान कडेकडेनं फिकट होत गेलं आणि वाटीतलं स्पिरिट आधी पोपटी, मग गडद हिरवं झालं. आयोडीनचे थेंब पडल्यावर पट्टीखालचा भाग पिवळट तपकिरी राहिला, बाकीचं पान निळंकाळं झालं. लगेच फोटो, लगेच चार्ट पेपर. हिरवं स्पिरिट मात्र ओट्यावर तसंच राहिलं होतं. पुस्तकातल्या कृतीत त्याचं पुढे काहीच होत नाही. भाचीला त्या दिवसांत भावाच्या दुकानातली नोटा तपासायची छोटी टॉर्च सापडली होती आणि ती दिसेल त्या वस्तूवर ती मारून बघत होती. नोटा झाल्या, शाळेचा पांढरा शर्ट झाला, नखं झाली. स्वयंपाकघरातला दिवा घालवून तिनं ती वाटीवर धरली.

वाटी लाल झाली.

टॉर्चचा उजेड जांभळट, स्पिरिट हिरवं, आणि जिथे उजेड शिरत होता तिथून बाहेर येत होता तो गडद, दाट लाल. "आत्या, रक्त!" भाची ओरडली आणि दोन पावलं मागे सरकली. मग पुढे होऊन तिनं टॉर्च बंद-चालू करून पाहिली. उजेड गेला की लाल गेला, उजेड आला की लाल आला. त्यानंतर तिनं जे केलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तिनं तीच टॉर्च खिडकीतल्या मनी प्लांटवर मारली. पान काळपट दिसलं. लाल शोधायला गेलं तर असल्यासारखा, नसल्यासारखा. "यात पण तेच हिरवं आहे ना?" तिनं विचारलं. आहे. मग वाटीतलं हिरवं लाल होतं आणि पानातलं का होत नाही, या प्रश्नाला माझ्याकडे त्या क्षणी तिला देण्याजोगं उत्तर नव्हतं. पोरीनं प्रदर्शनात बक्षीस मिळवलं, चार्ट पेपर माळ्यावर गेला, पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मी वाचत सुटले. वाचता वाचता लक्षात आलं की प्रकाशसंश्लेषणाबद्दल मी शाळेपासून जे मनात धरून होते त्याचा मधला, सगळ्यात अवघड भागच कुणी सांगितला नव्हता.

भाचीचं 'रक्त' अगदीच अनाठायी नव्हतं. पानातलं ते हिरवं रंगद्रव्य म्हणजे क्लोरोफिल. त्याच्या रेणूचं मुख्य अंग म्हणजे कार्बन आणि नायट्रोजनच्या अणूंचं एक मोठं कडं, त्याच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू, आणि त्या कड्याला लागलेली एक लांब शेपटी, जिच्यामुळे तो हरितलवकाच्या, म्हणजे पेशीतल्या हिरव्या कणाच्या, आतल्या पडद्यांमध्ये आणि तिथल्या प्रथिनांमध्ये रुतून बसतो. आपल्या रक्तातल्या हीममध्येही तशाच घराण्यातलं कडं असतं, फक्त मध्यभागी लोह असतं. क्लोरोफिलची ही घडण उलगडायला सुरुवात करणाऱ्या रिचर्ड विल्श्टेटर यांना १९१५ मध्ये नोबेल मिळालं आणि हीम व क्लोरोफिल या दोन्हींवर काम करणाऱ्या हान्स फिशर यांना १९३० मध्ये. दोन्ही रेणू एकाच बापाची लेकरं असावीत अशी शंका माणसाला आली ती रसायनशाळेत घासून घासून. पण वाटीतला लाल रंग रक्ताच्या रंगातून आलेला नव्हता. रक्त लाल दिसतं कारण ते बाकीचे रंग शोषून लाल परत पाठवतं. वाटीतलं क्लोरोफिल स्वतः लाल उजेड देत होतं.

क्लोरोफिलला निळा-जांभळा आणि लाल, हे दोन रंग विशेष मानवतात. टॉर्चमधून आलेला जांभळट प्रकाशाचा कण, म्हणजे फोटॉन, त्या कड्याला धडकला की त्यातला एक इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर चढतो. जांभळ्या फोटॉनमध्ये ऊर्जा जास्त, म्हणून तो फार वर चढतो. पण तिथे तो टिकत नाही. सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही एका बारीकशा तुकड्यात तो वरची ऊर्जा उष्णता म्हणून सोडून देतो आणि एका ठरावीक खालच्या पायरीवर येऊन थांबतो. लाल फोटॉन त्याला थेट त्याच पायरीवर नेतो. म्हणून पानाच्या लेखी निळा फोटॉन आणि लाल फोटॉन यांचं मोल शेवटी सारखंच. निळ्यातली जास्तीची ऊर्जा कामी येतच नाही. त्या पायरीवरून इलेक्ट्रॉन खाली उतरला तर जो उजेड बाहेर पडतो तो लालच असतो, टॉर्च कुठल्याही रंगाची असो. स्पिरिटमधला क्लोरोफिलचा रेणू पकडलेली ऊर्जा देणार तरी कुणाला? आजूबाजूला सगळं स्पिरिट. त्यामुळे काही नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचे काही अब्जावे भाग, ती ऊर्जा बाळगून तो ती सोडून देतो. पकडलेल्या फोटॉनांपैकी जवळपास पाव ते एक तृतीयांश असे लाल होऊन परत येतात, बाकीचे बहुतेक उष्णतेत जिरतात.

म्हणजे प्रकाश पकडण्याचं काम त्या वाटीतही चाललं होतं.

ही गोष्ट मला आतपर्यंत हलवून गेली. आपण म्हणतो, झाडं सूर्यप्रकाश पकडतात, आणि त्यातच सगळं कौतुक संपवतो. पण पकडणं तर झाडापासून तोडलेलं, पानातून ओढून काढलेलं, काचेच्या वाटीत गार होत चाललेलं क्लोरोफिलही करतं. जिवंत पानाची करामत त्यानंतर सुरू होते. त्या काही नॅनोसेकंदांच्या आत, ऊर्जा हातातून निसटण्याआधी, ती पुढे देता आली पाहिजे. १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात रॉबर्ट इमर्सन आणि विल्यम अर्नोल्ड यांनी क्लोरेला नावाच्या एकपेशीय शैवालावर अतिशय कमी वेळाचे, लखलखीत प्रकाशझोत मारले आणि दर झोताला किती प्राणवायू निघतो ते मोजलं. अपेक्षा अशी की जितके क्लोरोफिलचे रेणू, त्याच्या साधारण प्रमाणात प्राणवायू. निघालं काय, तर प्राणवायूच्या एका रेणूमागे क्लोरोफिलचे सुमारे २५०० रेणू. इतके सगळे रेणू करतात काय? हळूहळू उलगडलं की त्यातले बहुतेक प्रत्यक्ष रसायन घडवतच नाहीत. ते फोटॉन धरतात आणि शेजाऱ्याला देतात. स्लॅबच्या दिवशी खालपासून वरपर्यंत माणसं ओळीनं उभी राहतात आणि काँक्रीटचं घमेलं हातोहात वर जातं, कुणीच ते घेऊन चालत नाही, तसं. दोनशे-तीनशे क्लोरोफिलचे रेणू, प्रथिनांनी एकमेकांपासून अगदी नेमक्या अंतरावर धरून ठेवलेले, आणि त्यांच्या मध्ये एक केंद्र, जिथे ऊर्जा पोचली की खरंखुरं इलेक्ट्रॉन तुटून निघतं. हे सगळं हस्तांतरण नॅनोसेकंदाच्या आत उरकतं. म्हणून पानावर टॉर्च मारली तर लाल जेमतेम दिसतो. ऊर्जा मार्गी लागलेली असते.

आणि इतका जमाव कशासाठी, याचंही उत्तर आहे. भर उन्हातसुद्धा क्लोरोफिलच्या एका रेणूवर सेकंदाला मोजकेच फोटॉन येऊन धडकतात. सावलीत तर तो बराच वेळ रिकामा बसून राहतो. केंद्रातली यंत्रणा महागडी, तिला असं ताटकळत ठेवणं झाडाला परवडत नाही. म्हणून स्वस्तातले पुष्कळ रेणू पसरून ठेवायचे आणि त्यांचं सगळं उत्पन्न एका केंद्राकडे वळवायचं. आंबोलीच्या जंगलात पावसाळ्यात फिरताना जमिनीलगतची पानं पाहावीत. वरच्या झाडोऱ्यातून गळून त्यांच्यापर्यंत उघड्यावरच्या उजेडाचे शंभरातले एक-दोन भाग पोचतात. ती पानं मोठी, पातळ आणि गडद असतात, काही तर काळसर हिरवी. त्यांच्या आत दर केंद्रामागे फोटॉन गोळा करणाऱ्या रेणूंचा जमाव मोठा असतो. वारा आला की वरच्या फांद्या हलतात आणि उन्हाचा एखादा कवडसा क्षणभर त्यांच्यावर येतो आणि निघून जातो. त्या कवडशांवर या झाडांच्या दिवसभराच्या कमाईचा मोठा हिस्सा अवलंबून असतो. तिथे ओल्या पाचोळ्याच्या वासात उभं राहून हे आठवलं की त्या कवडशाच्या मध्ये आपली सावली पडू नये म्हणून मी बाजूला सरकते.

पुढच्या पायरीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण तिचं एक दृश्य माझ्या बालपणात आहे. आमच्या गावाकडच्या विहिरीत, मंगळवेढ्याच्या त्या काळ्या रानात, पायऱ्यांच्या बाजूला शेवाळ वाढलेलं असे. दुपारी ऊन थेट विहिरीत उतरलं की त्या शेवाळावर बारीक बारीक बुडबुडे धरत, मोठे होत, आणि सुटून वर येत. आम्ही पोरं पालथी पडून ते बघायचो. आई वरून हाक मारायची, पाय घसरेल म्हणून. ते बुडबुडे प्राणवायूचे होते, आणि तो प्राणवायू पाण्यातून निघालेला होता. केंद्रातून इलेक्ट्रॉन निघून गेला की तिथे खड्डा पडतो, आणि तो भरायला पान पाण्याच्या रेणूला फोडतं. हे काम मँगनीजचे चार अणू आणि कॅल्शियमचा एक अणू असलेला एक छोटासा गुंता करतो. त्याची जवळून, अणू अणू ओळखू येतील अशी रचना जपानी संशोधकांनी २०११ मध्ये दाखवली. त्याच्या कितीतरी आधी, १९६९ मध्ये, पिएर जोलिओ यांनी अंधारात ठेवलेल्या हरितलवकांवर एकेक झोत मारून पाहिलं होतं. प्राणवायूचा भर तिसऱ्या झोताला आला, आणि मग दर चौथ्या झोताला. पुढच्याच वर्षी बेसेल कॉक यांनी त्याचा अर्थ लावला: हा गुंता एकामागून एक चार वेळा रिता होतो आणि मगच दोन पाण्यांमधून एक प्राणवायू सोडतो. जगदीशचंद्र बोसही १९२० च्या दशकात हायड्रिलाच्या बुडबुड्यांवर काम करत होते, बुडबुडा सुटला की आपोआप नोंद होईल असं यंत्र त्यांनी बनवलं होतं, आणि हिवाळ्यातल्या हायड्रिलापेक्षा उन्हाळ्यातली हायड्रिला वेगळी वागते हे त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. विहिरीच्या काठी पालथं पडून आम्ही पाहत होतो ते याच जातीचं काम होतं, हे समजल्यावर मला त्या पायऱ्यांवर पुन्हा जाऊन बसावंसं वाटलं. ती विहीर आता बुजवलेली आहे.

हिरवं स्पिरिट मी त्या रात्री टाकून दिलं नव्हतं. झाकण लावून बाटली गॅलरीच्या कठड्याजवळ ठेवली होती. काही दिवसांनी पाहिलं तर हिरवा रंग विटून त्याचं मळकट, शेवाळी-तपकिरी पाणी झालं होतं. ज्या उन्हासाठी क्लोरोफिल घडलेलं असतं, त्याच उन्हानं त्याचा घास घेतला होता.

इथेच तो मधला भाग आहे, जो मला शाळेत मिळाला नाही. पकडलेली ऊर्जा पुढे गेली नाही आणि लाल उजेड होऊन बाहेरही पडली नाही, तर क्लोरोफिलचा रेणू एका वेगळ्या, जास्त वेळ टिकणाऱ्या स्थितीत जाऊ शकतो. त्या स्थितीत त्याला प्राणवायू भेटला, तर प्राणवायूचं एक भलतंच आक्रमक रूप तयार होतं आणि ते मिळेल त्या रेणूची नासधूस करत सुटतं. प्रथिनं, पडद्यांतली मेदं, खुद्द क्लोरोफिल. आणि पानात तर प्राणवायू तिथेच, त्याच पडद्यात तयार होत असतो. ठिणग्या उडतात त्याच जागी पेट घेणारी वस्तू, अशी ती व्यवस्था आहे. त्यातून आपल्याकडचं ऊन! एप्रिलच्या दुपारी बाराला पानावर जितका प्रकाश येतो, त्यातला मोठा हिस्सा बहुतेक झाडांना वापरताच येत नाही. साखर बनवणारी पुढची रसायनं त्या वेगानं चालत नाहीत. पाणी कमी असेल तर पानावरची छिद्रं मिटतात, कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, आणि वापर आणखी घटतो. उजेड मात्र कोसळतच राहतो. झाडाला सावलीला जाऊन बसता येत नाही. वडील दुपारी रानातून यायचे तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटलेला असायचा, ते लिंबाखाली टेकायचे, डोक्याचं मुंडासं सोडून तोंड पुसायचे. ज्वारी तिथेच उभी असायची. तेव्हा मला वाटायचं, तिला काय, तिला ऊन आवडतंच.

आता मला पानाच्या आत चाललेली धावपळ दिसते. ऊन वाढलं की पेशीतली हरितलवकं जागा सोडून कडेच्या भिंतींना जाऊन लागतात, एकामागे एक, म्हणजे एकमेकांवर सावली पडेल. उजेड मंदावला की पुन्हा पसरून त्याला सामोरी येतात. पडद्यांच्या आत आम्लता वाढते, आणि त्या खुणेवर व्हायोलाझँथिन नावाचं एक पिवळं रंगद्रव्य काही मिनिटांत झियाझँथिन नावाच्या दुसऱ्या पिवळ्या रंगद्रव्यात बदलतं. त्यानंतर फोटॉन गोळा करणारा तोच जमाव ऊर्जा केंद्राकडे पाठवण्याऐवजी उष्णता करून टाकायला लागतो. इतक्या कष्टानं पकडलेलं, जाणूनबुजून सोडून देणं. तरीही मोडतोड होतेच. पाणी फोडणाऱ्या केंद्राच्या गाभ्यात डी-वन नावाचं एक प्रथिन असतं. कडक उन्हात ते इतक्या लवकर निकामी होतं की पान ते दिवसभर काढत आणि नवीन बसवत राहतं. प्रखर प्रकाशात अर्ध्या-एक तासातच त्यातलं निम्मं निकामी झालेलं असतं. शांत दिसणाऱ्या पानात दिवसभर इतकी डागडुजी चालू असते, हे कळल्यावर माझं उन्हातल्या झाडाकडे पाहणं बदललं. आधी मला त्यात समाधान दिसायचं. आता त्यात मेहनत दिसते, आणि थोडी काळजीही वाटते.

चैत्रपालवीचंही तसंच झालं. विहिरीजवळच्या आंब्याला फाल्गुन-चैत्रात तांबूस, मऊ, लोंबती पानं फुटायची. हात लावला की गार आणि ओलसर लागायची. आजी त्यांना नख लावू द्यायची नाही. ती कोवळी पानं खाली मान घालून का लोंबतात, तांबडी का असतात, हा प्रश्न कधी पडलाच नाही. चैत्र आला की पालवी तांबूस असायचीच. आता उमगतं की त्या पानांत प्रकाश घेणारी यंत्रणा अजून पुरी बसलेली नसते, पुढे द्यायची सोय कच्ची असते. खाली लोंबलं की दुपारचं ऊन अंगावर तिरपं येतं. आणि तांबडा रंग आत येणाऱ्या उजेडाचा काही भाग बाहेरच अडवतो, असं अनेक अभ्यासक मानतात. किडीला तो रंग नकोसा होतो असंही काही जण म्हणतात, आणि दोन्ही एकाच वेळी खरं असायला हरकत नाही. पानं जून होतात, हिरवी होतात, आणि मग वर तोंड करून आडवी होतात.

पानात तो लाल उजेड पूर्ण नाहीसा होत नाही, जेमतेम का होईना दिसतो, हे मी वर म्हटलं. शंभरातले एक-दोन भाग निसटतातच. १९३१ मध्ये जर्मनीत हान्स काउट्स्की यांनी अंधारात ठेवलेलं पान एकदम निळ्या उजेडात आणलं आणि योग्य काचेतून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. पान लाल उजळलं आणि मग हळूहळू विझत गेलं. अंधारातून आलेल्या पानाची पुढची सगळी रसायनं अजून जागी झालेली नसतात, सुरुवातीला ऊर्जा अडते आणि लाल होऊन बाहेर पडते. कामं सुरू झाली की लाल मावळतो. पान कामाला लागताना दिसतं, असं म्हणायला हरकत नाही. आणि हाच निसटलेला लाल आता आकाशातून मोजतात. २००९ मध्ये सुटलेल्या जपानच्या 'इबुकी' उपग्रहाच्या नोंदींवरून २०११ मध्ये पृथ्वीभरच्या झाडांच्या या उजेडाचे पहिले नकाशे आले. त्याचा मूळ हेतू हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजण्याचा होता. पुढे अशाच नोंदींतून दिसलं की अमेरिकेतला मक्याचा पट्टा जुलैत पृथ्वीवरच्या सगळ्यात जास्त उजळणाऱ्या भागांपैकी एक असतो. रान हिरवं असूनही आतून अडलेलं असू शकतं. हिरवेपणा पाहून ते कळत नाही, या लालावरून अंदाज येतो.

मका, ऊस, बाजरी आणि आमची ज्वारी ही एका वेगळ्या पंथाची पिकं. १९६६ मध्ये ब्रिस्बेनला हॅच आणि स्लॅक यांनी उसावर काम करून तो पंथ उलगडला. ही पिकं कार्बन डायऑक्साइड आधी बाहेरच्या पेशींत पकडून आतल्या पेशींत दाटीनं नेऊन सोडतात, त्यामुळे पुढचं काम कडक उन्हातही तुंबत नाही आणि पाणीही कमी लागतं. भात, गहू, सोयाबीन यांच्याकडे ती सोय नाही. वडील जानेवारीत आभाळ भरून आलं की अस्वस्थ व्हायचे. ढगाळ हवेत ज्वारीवर चिकटा पडतो ही एक भीती. पण नुसतं तेवढंच नसावं. स्वच्छ ऊन पडलं की त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी इतर कशानं आलेलं पाहिलं नाही.

प्रकाश मोजण्यावरून माणसं एकमेकांशी किती भांडली, हेही या वाचनात भेटलं. इमर्सन हे बर्लिनला ऑटो वारबुर्ग यांचे विद्यार्थी. वारबुर्ग नोबेल मिळालेले, दरारा असलेले. त्यांचं म्हणणं, एक प्राणवायू सोडायला चार फोटॉन पुरतात. इमर्सननी पुन्हा पुन्हा मोजलं आणि त्यांना किमान आठ, कधी त्याहून जास्त लागताना दिसले. १९४८ मध्ये वारबुर्ग इलिनॉयमधल्या अर्बाना गावी, इमर्सनच्या प्रयोगशाळेत येऊन राहिले, तरी मिटलं नाही. गुरूनं कधीच मान्य केलं नाही. पुढे इमर्सननी दाखवलं की गडद लाल आणि त्याहून कमी तरंगलांबीचा उजेड एकत्र दिला तर फळ दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त मिळतं, आणि त्यातून पानात एकामागोमाग एक अशा दोन यंत्रणा आहेत हे कळलं. दोन यंत्रणा, प्रत्येकीला चार फोटॉन, म्हणजे आठ. तो हिशेब नीट मांडला जाईपर्यंत इमर्सन उरले नव्हते. फेब्रुवारी १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट नदीत कोसळलेल्या विमानात ते गेले. अलाहाबादहून १९५६ मध्ये त्यांच्याकडे शिकायला आलेले गोविंदजी तेव्हा पीएचडीच्या मध्यावर होते. त्यांनी ती दुसऱ्या गुरूकडे पूर्ण केली आणि उभा जन्म याच विषयाला दिला. या दोन यंत्रणा हरितलवकाच्या पडद्यांत सरमिसळ नसून त्यांच्या जागा वेगळ्या आहेत, हे दाखवणाऱ्या १९७० च्या एका महत्त्वाच्या शोधनिबंधावर पहिलं नाव प्रफुल्लचंद्र साने यांचं आहे, जे पुढे लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचे संचालक झाले. 'साने' हे आडनाव तिथे वाचून मला मनापासून आनंद झाला.

त्याच अर्बानामध्ये २०१६ साली एक काम झालं, ज्याबद्दल माझं मन अजून दोन बाजूंना ओढतं. ऊन कडक असताना पान ऊर्जा उष्णता करून टाकायला लागतं, हे वर आलंच. पण ढग आला, सावली पडली, तरी पान लगेच सैल होत नाही. झियाझँथिन परत बदलायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ पान कमी उजेडातही उजेड टाकूनच देत राहतं. दिवसभरात ढग आणि वरची हलती पानं मिळून असं कितीतरी वेळा होतं. तिथल्या संशोधकांनी तंबाखूत तीन जनुकं वाढवून हे सैल होणं लवकर घडवलं आणि शेतात रोपांचं वजन सुमारे १५ टक्क्यांनी जास्त भरलं. २०२२ मध्ये हेच सोयाबीनवर केलेलं प्रसिद्ध झालं. एका हंगामात दाणे सरासरी २० टक्क्यांहून अधिक वाढले. पुढच्या हंगामात पीक लोळलं आणि तो फरक दिसला नाही. वाचून पहिल्यांदा मला आनंदच झाला. नापिकीची वर्षं पाहिलेल्या घरातली मी; एकरी चार पोती वाढणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको. मग वाटलं, झाडानं इतक्या काळात ही सावधगिरी उगाच राखली असेल का? ढग सरला आणि ऊन पुन्हा एकदम अंगावर आलं तर ढाल खाली ठेवलेलं पान सापडेल, या धास्तीनं ते हळू सैल होत असेल. संशोधकांनी ढाल काढलेली नाही, ती उचलायचा आणि ठेवायचा वेग वाढवला आहे, हेही खरं.

बार्शीकडे माझा चुलतभाऊ सोयाबीन करतो. मी फोनवर हे सगळं त्याला सांगितलं. त्यानं मधे एकदाही न तोडता ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि पावसानं खंड दिला तर?" त्याचा प्रश्न नेमका दुखऱ्या जागेवर होता. ऑगस्टमध्ये पाऊस तीन आठवडे गडप होतो, भेगा पडतात, छिद्रं मिटलेलं पान दुपारच्या उन्हात उभं असतं आणि त्याला वापरापेक्षा टाकूनच जास्त द्यावं लागतं. त्या वेळी त्याच्या हातात ढाल पुरेशी घट्ट असायला हवी. मी म्हटलं, "दादा, ते शेत इलिनॉयचं आहे." "मग इथं बघू दे," तो म्हणाला. आपल्याकडे जनुकबदल केलेलं सोयाबीन पेरायला आज परवानगी नाही, आणि त्या वादात मला इथे शिरायचं नाही. पण कधी असं बियाणं आपल्यापर्यंत आलंच, तर त्याचं माप चांगल्या पावसाच्या वर्षातल्या उताऱ्यावर काढू नये. ते बार्शीच्या कोरडवाहू रानात, खंडाच्या पंधरवड्यात, शेतकऱ्यासमोर काढावं, आणि त्या दुपारी पानं किती ऊन पुढे देऊ शकली आणि किती सोसू शकली हे दोन्ही मोजावं.